पौषातली तपासणी

पौष लागला की आमच्याकडे लग्नाचे मांडव थांबतात आणि मला उपाशीपोटी कुठेतरी निघाल्यासारखं वाटायला लागतं. आज सकाळी कळंबच्या घरात चहाचं आधण ठेवायला पातेलं हातात घेतलं आणि आठवलं, आज माझी तपासणी. काल रात्रीच्या जेवणानंतर पोटात पाण्याशिवाय काही जायचं नव्हतं. वर्षातून एकदा मी मंचरला जाऊन रक्त देते, रक्तदाब मोजून घेते, डोळ्यांत उजेड मारून घेते. नवरा दरवर्षी विचारतो, तुला काही होत नाही, मग कशाला जातेस? काही होत नाही म्हणूनच जाते, असं मी दरवर्षी सांगते. हे उत्तर माझं नाही. ते ओतूरच्या डॉक्टरबाईंचं आहे आणि मी ते इतकी वर्षं वापरतेय की आता परत करायची सोय राहिली नाही.

मी ओतूरला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बोरी बुद्रुकहून एसटीने जायचं आणि एसटीनेच यायचं. स्टँडपासून कॉलेजकडे जाताना बाईंचा दवाखाना लागायचा. दोन बाकडी, एक हिरवा पडदा आणि दाराशी खडूने लिहायचा फळा. एका हिवाळ्यात त्या फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'ज्यांना काहीही होत नाही त्यांची तपासणी पौषात.' जाणारे-येणारे वाचून हसायचे. ज्याला काही होत नाही तो दवाखान्यात जाईल कशाला, तेही पदरचे पैसे मोडून? मीही हसले होते. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून एक दिवस आत जाऊन बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, पौषात लग्नं नसतात, माणसं थोडी मोकळी असतात, पाहुण्यांचं गोडधोड नसतं. आणि शरीर बोलायला लागायच्या आधी त्याला विचारलेलं बरं.

घरी येऊन मी हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. आप्पा तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होते. अंगाने काटक, रंगाने करपलेले आणि स्वभावाने असे की ताप आला तर तापालाच अवघडल्यासारखं व्हावं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खरी अडचण सांगितली. पौषात नवीन काही सुरू करायचं नसतं. मग यावर घरात दोन दिवस विचार झाला आणि तोडगा आईने काढला. पहिल्या वेळी मार्गशीर्षातच उरकून घ्यायचं, म्हणजे पुढच्या वर्षापासून ते नवीन राहत नाही. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जराही न हसता वहीत मार्गशीर्षातला गुरुवार लिहून घेतला.

त्या गुरुवारचं मला सगळं आठवतं. आप्पा परीटघडीचे कपडे घालून आले होते. बाईंनी आधी वजनकाट्यावर उभं केलं, मग भिंतीशी उभं करून उंची मोजली. बोटाएवढ्या बाटलीत रक्त घेतलं. दंडाला पट्टा बांधून फुगवला तेव्हा आप्पा त्या काट्याकडे असे बघत होते, जसा काही तो त्यांच्यावर तक्रार नोंदवणार होता. जीभ बाहेर काढायला सांगितली तेव्हा मात्र ते माझ्याकडे बघून लाजले. बापाने पोरीसमोर जीभ कशी काढायची? मी भिंतीकडे तोंड केलं. मग बाईंनी पाठीवर एक हात पालथा ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकून पाहिलं. आपण बाजारात कलिंगड पाहतो तसं करतायत, असं आप्पा नंतर घरी सांगत होते.

आणि मग बाईंनी छाती तपासली. तपासून झाल्यावर, मी टक लावून बघत होते म्हणून असेल, त्यांनी नळीची दोन टोकं माझ्या कानात घातली. आधी काहीच नाही. मग आतून, फार खोलातून, धप्-धप्, धप्-धप्. वीस वर्षं मी या माणसाच्या घरात वाढले. त्याचा खोकला, त्याचा पंप चालू केल्यावरचा आवाज, त्याचं घोरणं मला पाठ होतं. आणि हे मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं. मी जन्मायच्या आधीपासून ते चालू होतं. आप्पा कांदे निवडताना, भांडताना, एसटीची वाट बघताना, कोणी न सांगता, एकदाही न थांबता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात गेल्यावर यायला हवा असं मोठी माणसं म्हणतात, तो मला ओतूरच्या दवाखान्यात आला.

डोळे तपासायला बाईंनी खिडकी लावून घेतली. बारीक दिव्याचं यंत्र आप्पांच्या बुबुळाजवळ नेऊन त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. त्यांनी सांगितलं की माणसाला न कापता त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दिसाव्यात अशी शरीरात ही एकच जागा आहे. आप्पांनी विचारलं, "मंग काय दिसतं आत?" बाई म्हणाल्या, "नदीचा नकाशा असतो ना, तसं. मोठी नदी, तिला लहान लहान ओढे." घरी परत येताना एसटीच्या खिडकीतून कुकडीचं पात्र दिसलं तेव्हा आप्पा बराच वेळ तिकडे बघत बसले होते.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं, फक्त साखर काठावर होती. बाईंनी चालायला, गोड कमी करायला आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. आप्पांनी यातलं शेवटचं सोडून दिलं. वर्षातून एकदा जत्रेला जातात तसे ते पौषात जाणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

इथून आमच्या घरात एक नवीन हंगाम सुरू झाला. तपासणीला पंधरा दिवस राहिले की आप्पांचा चहा बिनसाखरेचा व्हायचा. गुळाची ढेप माळ्यावर जायची. सकाळी कारल्याचा रस, दुपारी बाजरीची अर्धी भाकरी आणि मेथी, संध्याकाळी फाट्यापर्यंत चालत जाऊन परत. आदल्या दिवशी वज्रीने टाचा घासून भेगा बुजवायच्या, नखं काढायची, दाढी करायची. आई म्हणायची, बेल्ह्याच्या बाजारात बैल न्यायचा असला की असंच शिंगांना रंग लावतात. आप्पांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. कोणी आपल्याला तपासणार म्हणजे आपण नीटनेटकं दिसायला हवं, हे त्यांच्या लेखी साधं रीतीचं होतं. त्यांच्याच काय, माझ्याही. कॉलेजच्या परीक्षेला मी तरी दुसरं काय करत होते?

रिपोर्ट दरवर्षी बरा यायचा. काठावर, पण काठाच्या आत. बाई शाबासकी द्यायच्या आणि आप्पा त्या शाबासकीने इतके खूश व्हायचे की परत येताना आळेफाट्याला उतरून जिलबी घ्यायचे. मग संक्रांत यायची. तिळगुळाला आमच्या घरात नको म्हणण्याची पद्धत नाही. उरलेले साडेअकरा महिने काय चालायचं ते मी इथे लिहीत नाही, आप्पांना आवडलं नसतं.

मधल्या वर्षांत माझं लग्न झालं, मी कळंबला शाळेत शिकवायला लागले. तरी तपासणीच्या दिवशी रजा टाकून मी यायचे. पौषात बोरीला आलं की कांद्याच्या लागणीचे दिवस असायचे. सकाळच्या थंडीत आप्पा अनवाणी वाफ्यात उभे असायचे, हातात फावडं, पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. वाफा भरला की नाही हे सगळे डोळ्यांनी बघतात. आप्पा बघायचे नाहीत. ते दुसरीकडे तोंड करून बोलत राहायचे आणि पाणी पुरेसं मुरलं की त्यांना तळव्याखाली कळायचं. पाय थोडा दाबला की माती किती खाली बसते यावरून ते ठरवायचे. वर पाणी तुंबलेलं दिसत असूनही खाली कोरडं असतं, हे त्यांच्या तळव्याला माहीत असायचं. लहानपणी मी त्यांच्या शेजारी उभी राहून माझे पाय दाबून बघायचे. मला नुसती थंडी कळायची.

मग एका वर्षी मी पाहिलं की ते फावड्याचा दांडा मातीत खुपसून बघतायत. पुढच्या वर्षी ते आईला विचारत होते, भरला का गं तो वाफा? मला वाटलं, वय झालं. इतकाच विचार करून मी घरात चहाला गेले. या गोष्टीची मला आजही चीड येते, माझी स्वतःची.

त्याच सुमारास बाभळीच्या काट्याची गोष्ट घडली. आप्पा संध्याकाळी ओट्यावर आले तेव्हा फरशीवर रक्ताची पावलं उमटत होती. तळव्यात बोटभर काटा मोडलेला आणि ते दुपारपासून तसेच चालत होते. शेजारचे बबनराव काटा काढायला बसले. चिमट्याने उकरून काढेपर्यंत आप्पांनी हूं की चूं केलं नाही, गप्पा मारत राहिले. बबनराव कौतुकाने म्हणाले, "आप्पा, तुमचं पाय म्हंजी लोखंड हाय राव." दोन-चार दिवस गावात तेच चाललं होतं. आप्पांची छाती फुगली होती आणि खरं सांगायचं तर माझीही. कळंबला जाऊन मी शाळेत ही गोष्ट सांगितली. आमच्याकडे ज्याला दुखत नाही तो मोठा माणूस समजतात, आणि आप्पांना खरोखरच दुखलं नव्हतं.

त्यानंतरच्या पौषात नेहमीसारखे आम्ही ओतूरला गेलो. पंधरा दिवस कारल्याचा रस झाला होता, टाचा घासून झाल्या होत्या. उपाशीपोटीची साखर छान आली. पण त्या वर्षी बाईंनी रक्ताची आणखी एक बाटली पुण्याला पाठवली होती आणि आठवड्याने निरोप धाडून आम्हाला परत बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यापुढे कागद होता. ही तीन महिन्यांची साखर, त्या म्हणाल्या. रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात. रक्तात जितकी साखर असेल तितकी ती त्यांना चिकटून बसते आणि मग सुटत नाही. चार दिवस उपास केला म्हणून मागचं पुसलं जात नाही.

आप्पा कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं ते ओशाळतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते वेगळंच होतं. डोळे मोठे झाले होते. त्यांनी आपला हात उलटा करून मनगटावरच्या निळ्या शिरा पाहिल्या, जशा काही त्या आजच दिसत होत्या. हळूच विचारलं, "रगताच्या ध्यानात राहतं एवढं? दिवाळीचं लाडूबी?" बाई म्हणाल्या, "दिवाळीचे लाडूसुद्धा, आप्पा." आयुष्यभर ज्याला आपलं म्हटलं ते रक्त, आपण झोपलो तरी जागं राहून सगळं बघत होतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. मलाही तेव्हाच कळलं. त्या बारीकशा तांबड्या कणांचा मला धाक वाटला आणि त्यांचं प्रेमही वाटलं.

मग बाईंनी पायांबद्दल विचारलं. मुंग्या येतात का, जळजळतं का, चपला नकळत निसटतात का. आप्पांनी सगळ्याला नाय म्हटलं. मी काट्याची गोष्ट सांगितली. अभिमानानेच सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या मला म्हणाल्या, बसून ऐक. साखर जास्त दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. मग पायाला लागलेलं कळत नाही. लहान जखम मोठी होते, आत सडते, आणि माणूस येतो तेव्हा बोट कापावं लागतं, कधी पाऊल, कधी गुडघ्यापासून खालचा पाय. न दुखणं हेच दुखणं असतं, असं त्या म्हणाल्या. मला दोन वर्षांपूर्वीचा तो फावड्याचा दांडा दिसला, मातीत खुपसलेला.

आप्पांना खाटेवर आडवं केलं. बाईंनी पेनासारख्या मुठीला बसवलेला एक नायलॉनचा दोरा घेतला, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा ताठ, पण इतका बारीक की खिडकीकडे धरल्याशिवाय दिसेना. त्या म्हणाल्या, डोळे मिटा, दोरा टेकला की 'लागलं' म्हणा. आप्पांनी डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याखाली दोरा टेकवला. आप्पा म्हणाले, "लागलं." करंगळीशी टेकवला. "लागलं." चवड्यावर. "लागलं." ठरावीक अंतराने, पाठ केल्यासारखं. माझा जीव भांड्यात पडला. मग मला दिसलं की बाईंचा हात हवेतच थांबला आहे. दोरा तळव्यापासून वीतभर लांब होता.

"लागलं," आप्पा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हात तसाच ठेवला. "लागलं," आप्पा पुन्हा म्हणाले, आता जरा जोरात. आमच्या घरात बापाला तुम्ही खोटं बोलता असं कोणी म्हणत नाही, त्यातून लग्न झालेल्या मुलीने, परक्या बाईसमोर तर नाहीच. मी गप्प बसले असते तर बाईंनीच सांगितलं असतं, हे मला माहीत होतं. पण त्यांनी सांगितलेलं आणि मी सांगितलेलं यात फरक होता, हेही माहीत होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "बाईंनी दोरा लावलाच न्हाई."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग छताकडे तोंड करून, मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "मला वाटलं, न्हाई म्हटलं की पाय गेला."

"नाही म्हणालात तरच पाय राहील," बाई म्हणाल्या.

आप्पांनी मान हलवली. म्हणाले, "लावा परत. आता खरं सांगतो." आणि मग त्यांनी सांगितलं. अंगठा, न्हाई. करंगळी, न्हाई. चवडा, न्हाई. बाई कागदावर काढलेल्या पावलाच्या चित्रावर एकेक फुली मारत गेल्या. आप्पा आता घाई करत नव्हते. प्रत्येक वेळी थांबत, कपाळाला आठी घालून आपल्याच पायाचं ऐकत, आणि मग म्हणत, न्हाई. एवढं खरं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मी थक्क होऊन त्या माणसाकडे बघत होते. ज्या तळव्यांनी आयुष्यभर पाणी ओळखलं ते गेले, हे तो स्वतःच्या तोंडाने, एकेक जागा दाखवून कबूल करत होता. टाचेच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या खाली बाईंनी दोरा टेकवला. आप्पा एकदम म्हणाले, "हितं. हितं लागलं." दोरा खरंच तिथे टेकला होता. मी बघितलं. रुपयाएवढी जागा असेल, दुसऱ्या पायावर त्याहून थोडी मोठी. आम्ही तिघंही त्या जागेकडे बघत राहिलो. घरी जाताना आप्पांनी जिलबी घेतली नाही.

त्या दिवसापासून ते गमबूट घालून दारं धरायला लागले. जमिनीवर पायताण घालून उभं राहायचं त्यांच्या जिवावर यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी वाफ्यात उतरायच्या आधी मातीला हात लावून कपाळाला लावला. बबनराव हसले, त्यांना हसू दिलं. गोळ्या वेळेवर चालू झाल्या, तीन महिन्यांची तपासणी तीन महिन्यांनी व्हायला लागली, आणि पंधरा दिवसांची तयारी बंद झाली. तपासायला जायचं ते आहे तसं, असं ते गावात इतरांना सांगायला लागले. बाईंनी आणखी एक काम आईला लावून दिलं होतं. ज्याला आपल्या पायाचं कळत नाही त्याच्या पायाचं दुसऱ्याने बघायचं, रोज. दिवेलागणीला आप्पा ओट्यावर बसायचे, पाय आईच्या मांडीवर द्यायचे. सुरुवातीला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, बायकोच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा म्हणून. आई तळवा उजेडाकडे वळवायची, बोटांच्या फटी बघायची, टाच दाबायची, आणि शेवटी म्हणायची, कुठं काय न्हाई. दोनदा तिला फोड सापडला, एकदा बुटात गेलेल्या खड्याची जखम. तीनही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओतूरला होते.

असे सात पौष गेले. आठव्या पौषाच्या आधी आप्पा न्यूमोनियाने चार दिवसांत गेले. दारात माणसं जमली. अंघोळ घालून झाली, पांढरा कपडा टाकला, एकेक जण येऊन पायावर डोकं ठेवून बाजूला होत होता. दिवस कलत आला होता, सगळ्यांना उरकायची घाई होती. मी डोकं ठेवलं तेव्हा दहाही बोटं माझ्या कपाळाला लागली. शेवटी आईला पुढे आणलं. ती त्यांच्या पायाशी बसली. तिने वाकून नमस्कार केला नाही. कपडा बाजूला सारून एक पाय मांडीवर घेतला, तळवा मावळतीच्या उजेडाकडे वळवला, बोटांच्या फटी बघितल्या, टाच दाबली. मग दुसरा घेतला. सगळी माणसं थांबून राहिली, कोणी तिला घाई केली नाही. दोन्ही पाय बघून झाल्यावर तिने ते हळूच खाली ठेवले.

"कुठं काय न्हाई," ती म्हणाली, आणि कपडा परत नीट केला.